माउंट आबूला जाताय? आधी देलवाड्याची वेळ बघा

आबूची बहुतेक मराठी कुटुंबांची सहल एकाच कारणानं फसते. सकाळी नाश्ता उरकून सगळे टॅक्सीत बसतात, टॅक्सीवाला ठरलेले ‘पॉइंट’ एकामागून एक दाखवतो आणि देलवाड्याच्या मंदिरात दुपारी जेमतेम पाऊण तास मिळतो. तोवर पोरं भुकेली असतात, आजींचे पाय दुखत असतात आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत असतो. ज्या संगमरवरासाठी एवढा प्रवास केला, तो मान वर करून बघितलाही जात नाही. घरी आल्यावर फोटो सापडतात ते नक्की तलावातल्या बोटीचे, कारण देलवाड्यात मोबाइल नेऊच देत नाहीत.

म्हणून आबूची आखणी उलटी करायची. देलवाड्याची जैन मंदिरं सकाळी पूजेसाठी जैन भाविकांना खुली असतात. इतरांना दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत, साधारण पाच-सहापर्यंत प्रवेश मिळतो. ही वेळ मध्यभागी धरा. सकाळी चढणीची देवळं, दुपारी देलवाडा, संध्याकाळी तलाव आणि बाजार. दोन रात्री मुक्काम असेल तर हे सगळं धावपळ न करता होतं. एका रात्रीत उरकायचं असेल तर काहीतरी सोडावं लागेल, आणि सोडायचंच तर सनसेट पॉइंट सोडा.

कधी जावं

आबूचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १२२० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडं खाली. पण हवा वेगळी. राजस्थानचा कोरडेपणा इथंही आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारचं ऊन लागतं, रात्री मात्र बरं वाटतं. खाली अबू रोडला ज्या दिवसांत अंग भाजतं, त्या दिवसांत वर आल्यावर सुटल्यासारखं होतं, इतपतच उन्हाळ्याची अपेक्षा ठेवा.

ऑक्टोबरचा शेवट ते मार्च हे सगळ्यात चांगले महिने. डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याजवळ जातो, कधी त्याच्याही खाली. पहाटे गाड्यांच्या टपांवर आणि मोकळ्या मैदानात दहिवर गोठलेलं दिसतं. पुण्या-मुंबईचा पातळ स्वेटर इथं पुरत नाही. कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट घ्या, विशेषतः पहाटे गुरुशिखरावर जाणार असाल तर.

जुलै-ऑगस्टमध्ये धुकं, धबधबे आणि हिरवे डोंगर. दिसायला सुंदर, पण गुरुशिखरावरून ढगाशिवाय काही दिसेल याची खात्री नाही आणि जोराच्या पावसात घाटात दरड येऊन रस्ता अडण्याची शक्यता असते. पावसाळ्यात गेलात तर परतीच्या दिवशी गाडीच्या वेळेआधी भरपूर अवकाश ठेवा.

टाळायचे दिवस दोन. पहिले, दिवाळी पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंतचे. अख्खं गुजरात तेव्हा आबूत असतं आणि हॉटेलवाले सांगतील तो दर. दुसरे, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. एरवीच्या शनिवार-रविवारीही गर्दी असतेच, तिचं एक साधं कारण आहे: गुजरातेत दारूबंदी, आणि आबू सीमेपासून हाकेच्या अंतरावर. शनिवारी रात्री नक्की तलावाजवळच्या हॉटेलात शांत झोपेची अपेक्षा धरू नका. सोमवार ते गुरुवार जमत असेल तर तेच गाव निम्म्या आवाजाचं वाटतं.

कसं पोचायचं

डोंगरावर रेल्वे नाही. पायथ्याचं स्टेशन अबू रोड, तिथून वर सुमारे २८ किलोमीटरचा घाट. मुंबईहून सूर्यनगरी, राणकपूर, अरावली अशा गाड्या अबू रोडला थांबतात. पुण्याहून म्हैसूर-अजमेरसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत. अहमदाबादला उतरून रस्त्यानं यायचं म्हटलं तर साधारण सव्वादोनशे किलोमीटर. उदयपूर जोडणार असाल तर तिथून आबू सुमारे १६५ किलोमीटर.

आरक्षण करताना गाडीचा वेग नका बघू, अबू रोडला पोचायची वेळ बघा. काही गाड्या मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता उतरवतात. त्या वेळी घाटात जायला टॅक्सी मिळते, पण भाव तीच ठरवते आणि वर हॉटेलची खोली दुपारी बाराशिवाय ताब्यात मिळत नाही. सकाळी सहा ते अकराच्या दरम्यान उतरवणारी गाडी मिळाली तर उत्तम. वेळापत्रकं बदलतात, म्हणून तिकीट काढताना ताजी वेळ पाहून घ्या.

स्टेशनबाहेर राजस्थान रोडवेजची बस मिळते आणि जीप-टॅक्सीही. एकटे-दुकटे असाल तर बस. चौघं-पाचजण आणि सामान असेल तर टॅक्सी. पूर्ण गाडी हवी की सीटवर, हे बसण्याआधी बोलून घ्या. ‘सिर्फ आपके लिए’ म्हणून ठरवलेल्या गाडीत पुढच्या वळणावर आणखी दोघं चढतात, हा तिथला जुना रिवाज.

घाट तासाभराचा, वळणांचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी स्टेशनवरच घ्यावी, पहिल्या वळणावर नाही. वाटेत छीपाबेरीजवळ गाड्या थांबतात, तिथं चहा मिळतो आणि हनुमान लंगूरही. काळ्या तोंडाची ही वानरं कठड्यावर रांगेनं बसलेली असतात. खिडकीतून बिस्किटं देऊ नका. पुढच्या गाडीतल्या मुलाच्या हातावर ती झेप घेतात. वर गावाच्या तोंडाशी नाक्यावर नगरपालिकेचा यात्री कर भरावा लागतो. सुट्टे पैसे हाताशी ठेवा, पावती जपून ठेवा.

राहायचं कुठं

नक्की तलाव आणि बसस्टँड यांच्या मधला भाग गजबजलेला. खाणं, बाजार, भाड्याची स्कूटर सगळं पायी अंतरावर, पण गाडी लावायला जागा नाही. देलवाड्याच्या बाजूला राहिलात तर शांतता मिळते आणि गुरुशिखराचा रस्ता तिथूनच जातो. जैन यात्रेकरूंसाठी देलवाड्यात धर्मशाळा आणि भोजनशाळा आहे. भोजनशाळेच्या वेळा काटेकोर असतात आणि सूर्यास्तानंतर जेवण मिळत नाही.

गावात रात्री उशिरा पायी भटकू नका. कारण चोर नव्हे, अस्वलं. आबूभोवती १९६० सालापासून अभयारण्य आहे आणि तिथली अस्वलं रात्री कचराकुंड्या आणि हॉटेलच्या मागच्या बाजूनं फिरतात. हॉटेलवाला ‘बाहर मत जाना’ म्हणाला तर तो बडेजाव करत नसतो.

पहिला दिवस: दुपारी थेट देलवाडा

खोलीत सामान टाका, आंघोळ, हलकं जेवण, आणि दोनच्या सुमारास देलवाडा. गावापासून अडीच-तीन किलोमीटर. निघण्याआधी तीन गोष्टी करा. चामड्याचा पट्टा, चामड्याचं पाकीट, चामड्याची पर्स खोलीतच ठेवा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. आणि सगळ्यांचे मोबाइल, कॅमेरे एका पिशवीत एकत्र करा, म्हणजे काउंटरवर पाच टोकन सांभाळावी लागणार नाहीत. आत खाणं न्यायचं नाही. पाळीच्या दिवसांत बायकांनी आत येऊ नये असा फलकही दारात दिसतो. घरातल्या मुलींना तो तिथं अचानक वाचायला लागण्यापेक्षा आधी माहीत असलेला बरा. फोटो काढता येणार नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. फोन बाहेर राहिला की माणसं खरंच छत बघायला लागतात.

बाहेरून मंदिरं काहीच दिसत नाहीत. आंब्यांच्या झाडीत पांढऱ्या चुन्याच्या भिंती, साधी शिखरं. ‘हेच का ते?’ असं सोबतचं कुणीतरी म्हणतंच. त्यांना उत्तर देऊ नका, आत न्या.

आवारात पाच मंदिरं आहेत. वेळ दोघांना द्यायचा: विमल वसही आणि लूण वसही. वसही म्हणजे जैन मंदिर.

विमल वसही इसवी सन १०३१ चं. गुजरातच्या सोळंकी राजा पहिल्या भीमदेवाचा दंडनायक, म्हणजे सेनापती, विमल शाह यानं ते पहिले तीर्थंकर आदिनाथ यांच्यासाठी बांधलं. गझनीच्या महमूदानं सोमनाथ लुटलं त्यानंतर पाच-सहा वर्षांतली ही गोष्ट, हे लक्षात ठेवलं की या कामातली ईर्ष्या कळते. संगमरवर इथला नाही. तो अंबाजीजवळच्या आरासूरच्या खाणींतून डोंगरावर चढवला, हत्तींवरून आणला असं सांगतात. कारागिरांना कोरून काढलेल्या भुकटीच्या वजनावर मजुरी मिळायची, ही कथाही पुजारी सांगतो. खरी असो वा नसो, छत बघताना ती पटते.

शिरल्यावर सगळे थेट मधल्या रंगमंडपाकडे धावतात. तुम्ही आधी डावीकडे वळा आणि भोवतीच्या ओवऱ्यांतून फिरा. प्रत्येक देवकुलिकेसमोरच्या, म्हणजे ओवरीतल्या छोट्या देवळासमोरच्या, छताचा नक्षीचा तुकडा वेगळा आहे. जैन मंदिरात असूनही इथं कालियाला नाथणारा कृष्ण आहे, हिरण्यकश्यपूला फाडणारा अनेक हातांचा नरसिंह आहे. मान दुखायला लागली की सरळ फरशीवर बसा. पुजारी काही बोलत नाहीत. मग रंगमंडपात या. बारा खांबांवर घुमट, त्याच्या आत एकात एक वर्तुळं आणि तोडीवर, म्हणजे पुढं आलेल्या दगडी आधारांवर, उभ्या सोळा विद्यादेवी (जैनांच्या विद्येच्या देवता). प्रत्येकीच्या हातातलं आयुध वेगळं. मुलांना सोळा मोजायला लावा, अर्धा तास शांततेत जातो.

लूण वसही दोनशे वर्षांनी धाकटं, इ.स. १२३० चं, बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचं. वस्तुपाल आणि तेजपाल हे भाऊ ढोलक्याच्या वाघेल्यांचे मंत्री. थोरला भाऊ लूण याच्या आठवणीत त्यांनी ते उभारलं. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीवर सिंघण यादवाचं राज्य होतं. सिंघणाच्या फौजा गुजरातवर चालून जात आणि त्यांना तोंड द्यायचं काम याच वाघेल्यांच्या दरबाराकडे असे. युद्ध एका हातानं आणि हे कोरीवकाम दुसऱ्या हातानं, असा तो काळ.

इथल्या मंडपाच्या घुमटातून मधोमध जे कमळ खाली लोंबतं, ते बघायला लोक जगभरातून येतात. पाकळ्या इतक्या पातळ कोरल्या आहेत की ऊन चांगलं असताना कडांतून उजेड झिरपतो. म्हणून दुपारी दोन ते चार ही वेळ. पाचनंतर आत काळवंडतं आणि दिव्यांच्या उजेडात संगमरवर सपाट दिसतो.

गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंचे देराणी-जेठाणीचे गोखले, म्हणजे धाकट्या-थोरल्या जावांचे कोरीव कोनाडे, पुजारी आवर्जून दाखवतो. दोघी जावांची चढाओढ दगडात उतरली, अशी कथा. बायकांचा घोळका तिथं हमखास हसतो. मला मात्र इथलं खरं बघण्यासारखं वाटतं ते एका छतावरचं नेमिनाथांचं लग्न. वरात निघाली आहे, मेजवानीसाठी जनावरं कुंपणात कोंडली आहेत, आणि नेमिनाथ ती बघून परत फिरतात, ते गिरनारला जाऊन दीक्षा घ्यायलाच. एवढी मोठी गोष्ट कारागिरानं हातभर पट्ट्यांच्या ओळींत बसवली आहे. कोंडलेल्या हरणांची तोंडं बघा, प्रत्येकाचं वळण वेगळं आहे. मागच्या हत्तीशाळेत संगमरवरी हत्ती रांगेनं उभे आहेत. त्यांच्या झुलींवरच्या दोऱ्यांचे पीळसुद्धा कोरलेले आहेत.

१३११ मध्ये दिल्लीच्या फौजांनी दोन्ही मंदिरांची नासधूस केली आणि पुढच्या दहाएक वर्षांत ती दुरुस्त झाली. काही ठिकाणी साधा, सरळ दगड एकदम नजरेत येतो, तो तेव्हाचा किंवा त्यानंतरचा.

उरलेल्या तिघांपैकी पित्तलहरमध्ये आदिनाथांची धातूची भव्य मूर्ती आहे. पार्श्वनाथाचं मंदिर तीन मजली, सगळ्यांत उंच, १४५९ चं. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरचं काम बघा, आत फारसं थांबावं लागत नाही. महावीर स्वामींचं देऊळ लहान आहे.

आत लोकांना घोळक्यानं फिरवतात आणि वीस मिनिटांत ‘चलिए, आगे’ होतं. पहिल्या फेरीला त्या घोळक्यातून जा, गोष्टी ऐका. मग मागं राहा आणि आपल्या चालीनं दुसरी फेरी मारा. पुन्हा यायचं असेल तर दुसऱ्या दिवशीही येता येतं. प्रवेशाला तिकीट नाही.

संध्याकाळी नक्की तलाव

देलवाड्यावरून थेट तलाव. देवांनी नखांनी खोदला म्हणून नक्की, अशी कथा. १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथं विसर्जित केला, तो गांधी घाट काठावरच आहे. बोटीसाठी रांग मोठी असेल तर सोडा आणि तलावाला पायी वळसा घाला. वरच्या डोंगरावरचा बेडकाच्या आकाराचा टोड रॉक दिसतो. चढायला छोटी वाट आहे, पण अंधार पडल्यावर जाऊ नका, अस्वलांचं वर सांगितलंच आहे.

सनसेट पॉइंटला चढावर ‘बाबागाडी’ मिळते: चाकांची लाकडी खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस. ज्यांना चालवत नाही त्यांना सोय आहे, पण धडधाकट बापे त्यात बसलेले बघवत नाहीत. सूर्यास्त ठीकच असतो; आपल्या कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर त्याहून चांगला दिसतो.

दुसरा दिवस: पहाटे दत्ताच्या डोंगरावर

गुरुशिखर गावापासून १५ किलोमीटर. उंची १७२२ मीटर, सबंध अरवलीतलं सर्वांत उंच ठिकाण आणि आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. मराठी माणसासाठी इथं वेगळं कारण आहे: शिखरावर दत्तात्रेयांचं स्थान आहे. गिरनार सगळ्यांना माहीत असतं, पण नरसोबाच्या वाडीला, औदुंबरला नेमानं जाणाऱ्या कितीतरी घरांना आबूला गुरुशिखर आहे हे ठाऊकच नसतं. गिरनारसारखी हजारो पायऱ्यांची परीक्षा इथं नाही. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, त्यापुढं तीनेकशे पायऱ्या. दुकानांमधून जाणाऱ्या, रुंद, मध्ये बसायला जागा असलेल्या.

सकाळी सातला गावातून निघा. टॅक्सी आदल्या संध्याकाळी ठरवा आणि ‘गुरुशिखर, अचलगड, थांबून, दोन वाजेपर्यंत’ असं स्पष्ट सांगा. वेळेचा दर ठरवा, पॉइंटचा नाही. तरुण मंडळींनी भाड्याची स्कूटर घेतली तरी चालेल, मात्र दोघांना घेऊन शेवटचा चढ जुन्या स्कूटरला जड जातो. ब्रेक आधी तपासून घ्या.

दत्ताची जागा म्हणजे खडकातली छोटी गुहा. वाकून आत जायचं, पादुका-मूर्तीचं दर्शन घ्यायचं, तसंच बाहेर यायचं. फार वेळ आत थांबता येत नाही, मागं रांग असते. बाहेर मोठी घंटा टांगलेली आहे. जुन्या घंटेवर संवत १४६८ म्हणजे इ.स. १४११ चा लेख होता, ती जीर्ण झाल्यावर नवी बसवली. घंटा वाजवायला सगळेच हात पुढे करतात, तेव्हा लहान मुलांचे कान झाका. नऊच्या आत पोचलात तर वारा अंगाला झोंबतो आणि खालचं ओरिया गाव, शेतं, डोंगरांच्या रांगा स्वच्छ दिसतात. अकरानंतर धूसर. शेजारच्या उंचवट्यावर जो पांढरा घुमट दिसतो ती अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा; पर्यटकांसाठी ती नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, इथं जायची इच्छा असेल तर थंडीचा अंदाज घेऊन जा. पहाटेच्या दर्शनाला म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका, दहा वाजता न्या.

उतरताना अचलगड

गुरुशिखरावरून परतताना ओरियाजवळून फाटा फुटतो. बरेच टॅक्सीवाले अचलगड टाळतात, ‘कुछ नहीं है, पुराना मंदिर है’ म्हणतात. ऐकू नका. मला विचाराल तर देलवाड्यानंतर आबूत बघायचं ते हेच.

पायथ्याशी अचलेश्वर महादेव. इथं शिवलिंग नाही; गाभाऱ्यात एक खोल खळगा आहे आणि त्यात शंकराच्या पायाचा अंगठा मानतात. कितीही पाणी ओता, भरत नाही, अशी श्रद्धा. आबूचा डोंगर हलू नये म्हणून महादेवानं तो अंगठ्यानं दाबून धरला, ही कथा पुजाऱ्याकडून ऐका. त्याच्या तोंडी ती शोभते. समोर पंचधातूचा नंदी आहे, चार टनांहून जड. त्याच्या अंगावरचे घाव हल्लेखोरांचे म्हणून दाखवतात. नंदीच्या पाठीवर हात फिरवून बघा, तुकड्यातुकड्यानं ओतून जोडल्याच्या रेषा बोटांना लागतात. आवारात चाफ्याची जुनी झाडं आहेत.

बाहेरच्या मंदाकिनी कुंडाच्या काठावर तीन दगडी रेडे उभे आहेत आणि त्यांच्या पोटांतून आरपार एक भोक. बाजूला धनुर्धारी राजा. कुंडात पूर्वी तूप भरलेलं असायचं, राक्षस रेड्यांच्या रूपानं रात्री येऊन ते पीत, म्हणून आबूवर राज्य करणाऱ्या परमार घराण्यातल्या राजानं तिघांना एका बाणात विंधलं. मुलं भोकातून डोळा लावून बघतात. रेड्यांवर चढू देऊ नका, एवढंच.

तिथून वर किल्ला. परमारांचा जुना गड मेवाडच्या राणा कुंभानं १४५२ मध्ये नव्यानं बांधून घेतला. हनुमान पोळ, चंपा पोळ अशा दरवाजांतून पायऱ्या चढत गेलं की जैन मंदिरं लागतात. वरच्या चौमुखजी मंदिरात पंचधातूच्या मूर्ती आहेत; सगळ्यांचं मिळून वजन १४४४ मण, असं तिथं सांगतात. इथंही चामडं आणि कॅमेऱ्याचे नियम देलवाड्यासारखेच समजा. त्याच्याही वर तटाचे अवशेष, श्रावण-भादवा ही पाण्याची टाकी आणि मोकळा डोंगर. गड चढायची सवय असलेल्या माणसाला तासाभराचं काम. गुडघे दुखणाऱ्यांनी अचलेश्वरापाशी थांबावं. पायथ्याचं देऊळ जवळजवळ सपाटीवर आहे.

एक-दीडच्या सुमारास परत. वाटेवर देलवाडा लागतोच. पहिल्या दिवशी जे छत नीट बघायचं राहिलं, ते आता बघा.

अर्बुदादेवी की गोमुख?

तिसऱ्या सकाळी दोन्ही होत नाहीत, एक निवडा.

अर्बुदादेवी, लोक अधरदेवी म्हणतात, गावाच्या उत्तरेला तीनेक किलोमीटरवर. सुमारे ३६५ पायऱ्या चढून खडकाच्या कपारीतलं देवीचं ठाणं. शिरताना अगदी खाली वाकावं लागतं, जवळजवळ रांगावं. भाविक याला शक्तिपीठ मानतात. नवरात्रात आणि चैत्र पौर्णिमेला गर्दी असते. सकाळी साडेसहा-सातला गेलात तर पायऱ्यांवर सावली असते.

गोमुख उलटं आहे. वसिष्ठाश्रमाकडे सुमारे सातशे पायऱ्या दाट जंगलातून खाली उतरतात. उतरताना माणूस गाणी म्हणतो, चढताना बोलत नाही. संगमरवरी गाईच्या मुखातून पाणी पडतं. राजपुतांच्या अग्निकुळांची, म्हणजे स्वतःला अग्नीतून जन्मलेली मानणाऱ्या घराण्यांची, उत्पत्ती ज्या अग्निकुंडातून झाली म्हणतात, ते कुंड इथलंच मानतात. ठिकाण शांत, पण निर्जन. एकट्यानं जाऊ नका, पाणी सोबत घ्या, वानरांपासून पिशवी सांभाळा. हृदयविकार असलेल्यांनी अजिबात उतरू नये, कारण परतीचा चढ मध्ये सोडून देता येत नाही.

आईवडिलांना घेऊन गेला असाल तर या सकाळी दोन्ही सोडा. तलावाकाठच्या रघुनाथ मंदिरात जा आणि बाजारात निवांत चहा प्या.

खाण्याबद्दल थोडंसं

गुजराती थाळी सगळीकडे, ती गोडसर असते हे माहीतच आहे. राजस्थानी दालबाटी मिळते, मात्र ऐन गर्दीत बाटी गार येते. गरम मागून घ्या. नक्कीच्या काठावर भाजलेली कणसं. मराठी पोटाला भाकरी-पिठल्याची आठवण आली तर बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी मागा, साध्या धाब्यांवर मिळते. दुकानांत भाषेची अडचण नाही: हिंदी, गुजराती दोन्ही चालतात. १९५० ते १९५६ हा तालुका मुंबई राज्यातच होता आणि राज्यपुनर्रचनेत राजस्थानकडे गेला. गुजरातीचा इथला घरोबा मात्र त्याहूनही जुना.

उतरताना अंबाजी आणि कुंभारिया

परतीची गाडी रात्रीची असेल तर सकाळी दहालाच खाली उतरा आणि अबू रोडवरून अंबाजीला जा, वीस-बावीस किलोमीटर. अंबाजीच्या मुख्य मंदिरात मूर्ती नाही, यंत्राची, म्हणजे देवीच्या पवित्र रेखाकृतीची, पूजा होते. शेजारच्या गब्बर डोंगरावर ९९९ पायऱ्या आहेत, रोपवेही आहे. भाद्रपद पौर्णिमेच्या मेळ्यात पायी येणाऱ्या लाखो भाविकांमुळे रस्ते भरलेले असतात, त्या आठवड्यात हा बेत करू नका.

अंबाजीपासून दीड-दोन किलोमीटरवर कुंभारिया. इथली जैन मंदिरं अकराव्या ते तेराव्या शतकातली, त्याच आरासूरच्या संगमरवराची. देलवाडा बघून आलेल्याला इथली छतं ओळखीची वाटतात आणि गर्दी जवळजवळ नाही. देलवाड्यात घोळक्याच्या मागं पळावं लागलं असेल तर इथं हवं तेवढं थांबा. अंबाजीचं मंदिर दुपारी काही वेळ बंद असतं, म्हणून आधी अंबाजी, मग कुंभारिया.

संध्याकाळी अबू रोड स्टेशनवर या. इथली रबडी नावाजलेली आहे, फलाटावरही मिळते. सीलबंद डब्यापेक्षा ताजी घ्या आणि पालनपूर यायच्या आत संपवा. मुंबईपर्यंत न्यायचा मोह उन्हाळ्यात करू नका, सुरतेच्या आधीच आंबते.